ट्रेंडी एरियातला लक्झरी फ्लॅट घ्यावा का? माझं मत: नको

चौथा_मजला: जवळच्या नात्यातले एकजण टोकन द्यायच्या बेतात आहेत म्हणून लिहितोय. जाहिरातीत नेहमीचंच, जमिनीपासून छतापर्यंत काचा, गच्चीवर स्विमिंग पूल, खाली उतरलं की कॅफे, गॅलरी, बुटिक. मला विचाराल तर अजिबात घेऊ नये. अशा फ्लॅटचे जादा पैसे बांधकामाला जातच नाहीत, एरियाच्या नावाला जातात, आणि ते नाव टिकवणं ना बिल्डरच्या हातात ना तुमच्या. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्सने 1961 मध्येच लिहून ठेवलंय की एखादा भाग फार चालायला लागला की ज्या वेगवेगळ्या लोकांमुळे आणि दुकानांमुळे तो चालला तेच भाडं न परवडून बाहेर फेकले जातात, मग उरतं काय तर जास्त भाडं देऊ शकणारी एकाच छापाची दुकानं. म्हणजे तुम्ही कोपऱ्यावरचं पुस्तकांचं दुकान बघून पैसे भरणार आणि पझेशन मिळेपर्यंत तिथे कुठल्यातरी ब्रँडचं शोरूम उघडलेलं असणार.

पायवाट: नाही पटलं. मी अशाच एरियात राहते. ऑफिस, दवाखाना, मुलीचा क्लास सगळं पायी, गाडी विकून टाकली. लांब मोठं घर घेतलेल्या माझ्या मैत्रिणींचा जीव रोज ट्रॅफिकमध्ये जातो, त्या घरी पोचतात तेव्हा मुलं झोपलेली असतात. त्या वेळेची किंमत तुमच्या हिशोबात कुठेच नाही. दुकानं बदलतील हो, पण अंतरं तीच राहतात ना!

कार्पेट_किती: पायवाट, तुमचा मुद्दा जागेचा झाला, लक्झरीचा नाही. त्याच गल्लीतल्या जुन्या साध्या बिल्डिंगमध्येही ऑफिस तेवढंच जवळ. लक्झरीचं गणित वेगळं असतं. आधी कार्पेट, म्हणजे घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा किती ते विचारा, कारण सुपर बिल्टअपमध्ये लॉबी, जिने, लिफ्ट सगळ्याचा वाटा तुमच्या माथी मारलेला असतो. मग मेंटेनन्स. पूलचे पंप आणि फिल्टर, हायस्पीड लिफ्ट, बाहेरून काचा धुणं, हे सगळं तुम्ही पोहा न पोहा, दर महिन्याला भरायचंय. नव्या बिल्डिंगमध्ये बिल कमी वाटतं कारण सगळं वॉरंटीत असतं. खरा खर्च दहा-बारा वर्षांनी येतो, लिफ्ट बदला, वॉटरप्रूफिंग करा, आणि तेव्हा सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या कामांसाठी सोसायटीने साठवलेल्या पैशात, काही नसेल तर माणशी मोठी रक्कम मागतात.

आणि काचा! फ्लॅट सकाळी दाखवतात. पश्चिमेकडे तोंड असेल तर उन्हाळ्यात दुपारी चारला जाऊन एसी बंद करून अर्धा तास बसा आणि मग ठरवा.

गुंतवणूक_पहिली: इतका विचार करत बसलात तर कधीच घर होणार नाही. प्राइम लोकेशनचा भाव पडत नसतो. आज घ्या, दहा वर्षांनी दुप्पट.

चौथा_मजला: "पडत नसतो" हेच ऐकून लोक अडकतात. जपानमध्ये 1991 च्या सुमारास जमिनीचे भाव शिखरावर होते, तिथून घसरले ते पुढे वर्षानुवर्षं घसरतच राहिले, आणि सगळ्यात जोरात आपटले ते मोठ्या शहरांतले. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट शिलरने अमेरिकेतल्या घरांचे 1890 पासूनचे भाव काढले, महागाई वजा केल्यावर पुढच्या शंभर वर्षांत वाढ जेमतेम. शिवाय कर्ज धरा, साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षं हप्ते भरले तर नुसतं व्याजच मुद्दलापेक्षा जास्त होतं. म्हणजे "दुप्पट" झालं तरी हातात किती उरलं? आणि बिल्डिंग जुनीच होत जाते, वाढतो तो जमिनीचा भाव, आणि टॉवरमध्ये तुमच्या वाट्याला जमीन येते किती!

पायवाट: शिलरचे आकडे अख्ख्या देशाच्या सरासरीचे आहेत, मोक्याच्या एका गल्लीचे नाहीत. आणि सगळं नफ्यातच मोजायचं असेल तर घर घेऊच नका, भाड्याने राहा. मी राहण्याबद्दल बोलतेय. रात्री अकराला एकटी चालत घरी येते आणि रस्त्यावर उजेड असतो, माणसं असतात, दुकानं उघडी असतात. ही चैन नाही, माझी गरज आहे.

चौथा_मजला: अकराला उघडी असलेली दुकानं दीडलाही उघडी असतात ना, आणि त्यांच्या डोक्यावरच बेडरूम! जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या युरोपसाठीच्या शिफारशीत रात्रीचा रहदारीचा सरासरी आवाज 45 डेसिबलच्या खाली हवा असं म्हटलंय. बारवाल्या रस्त्यावर ते कसं जमणार? डबल काच लावली तरी गाण्याचा बेस आत येतोच.

पायवाट: मग मागच्या बाजूचा फ्लॅट घ्या. आमचा तसाच आहे, खिडकीतून झाड दिसतं आणि रात्री खरंच शांत असतं. पुढच्या बाजूच्या व्ह्यूसाठी जादा पैसे मोजायचे आणि मग आवाजाची तक्रार करायची, यात एरियाचा काय दोष?

कार्पेट_किती: मागची बाजू घेणार असाल तर मागचा प्लॉट कोणाचा आणि तिथे किती मजल्यांना परवानगी आहे ते टोकन द्यायच्या आधी स्वतः जाऊन बघा. सेल्सवाल्याला विचारू नका, मंजूर नकाशा मागा.