मदत हवी आहे: नवा ड्रोन, सीनेचा काठ आणि दर हंगामात तीच फ्रेम

सीनाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आतापर्यंत डीजेआयचा मिनी २ उडवत होतो. आता मिनी ४ प्रो घेतलाय, पुण्यातल्या एका हौशी गृहस्थांकडून, मूळ बिलासकट, सोबत पडद्याचा रिमोट. उडवून पाहिला आणि फार आवडला. पण ज्या कामासाठी घेतला ते नीट व्हावं म्हणून काही गोष्टींवर जाणत्यांचा सल्ला हवाय.

आधी काम सांगतो. मामांची शेती सीना नदीकाठी आहे, सोलापूरजवळ वडकबाळच्या पुढे. सप्टेंबर २०२५ च्या महापुरात काठाची काळी माती वाहून गेली. तेव्हापासून पाणी वाढलं की काठ थोडा थोडा ढासळतोय असं मामांचं म्हणणं. किती ढासळतोय हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही, आणि तोंडी सांगण्याला वजन नसतं. म्हणून दर हंगामात एकाच जागेवरून, त्याच उंचीवरून, कॅमेऱ्याचा कोनही तोच ठेवून चित्रण करायचं ठरवलंय. उन्हाळ्यातलं कोरडं पात्र, पहिल्या पावसानंतरचं, वरून धरणाचं पाणी सोडल्यावरचं. जमलं तर पुढे हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेच्या संगमावरही हेच करायची इच्छा आहे. शके ९४० चा मराठी शिलालेख तिथला, आणि संगमाची दोन्ही पात्रं वर्षभर रूप बदलत असतात.

आता नव्या ड्रोनबद्दल. पहिला फरक कळला तो हवेत थांबण्यातला. दुपारी वारा उठला की मिनी २ डुगडुगायचा आणि चित्रातही ते दिसायचं. हाही २४९ ग्रॅमचाच, पण जागेवर घट्ट राहतो. दुसरा फरक संध्याकाळचा. मिनी २ चा सेन्सर १/२.३ इंचाचा होता, याचा १/१.३ इंचाचा, आणि भिंगही एफ २.८ वरून एफ १.७ वर आलंय. दिवेलागणीला उसाच्या फडाच्या कडेची सावली जुन्यात नुसती काळी यायची, यात पाचटसुद्धा दिसतं. कॅमेरा आडवा फिरून खरं उभं चित्र घेतो, ते मोबाइलवर पाहणाऱ्या घरच्यांना फार आवडलं. आणि फोन रिमोटला जोडायचा नसल्यामुळे उड्डाणात मध्येच कुणाचा कॉल येत नाही, हा मोठा दिलासा.

सगळ्यात जास्त मन भरलं ते अडथळा ओळखण्याने. मिनी २ ला फक्त खालचं दिसायचं. याला चारही बाजू, वर, खाली, सगळीकडचं कळतं. लिंबाच्या झाडाकडे सावकाश नेला तर अलीकडेच थांबला. अंगावर रोमांच आले अक्षरशः.

आता प्रश्न. भर उन्हात ड्रोन वळवला की चित्र अडखळत गेल्यासारखं दिसतं, हे कशाने आणि उपाय काय? तीच फ्रेम पुन्हा मिळवायला वेपॉइंट (ड्रोनमध्ये साठवलेले मार्गातले थांबे) पुरेसे आहेत का? शेतावरून ११ केव्हीची लाइन गेली आहे, ती याला दिसेल का? आणि एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा काय काळजी घ्यावी? राहायला जुळे सोलापूरला आहे, गच्चीवरून सराव केला तर चालेल का, हेही सांगा.

छायाप्रकाश

अभिनंदन! अडखळण्याचं कारण ड्रोनमध्ये नाही, आपल्या उन्हात आहे. याचं भिंग एफ १.७ वर कायम उघडं असतं, लहान करता येत नाही. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० वर ठेवला तरी दुपारच्या उन्हात शटर साधारण १/८००० सेकंदापर्यंत जातं. मग प्रत्येक फ्रेम इतकी कोरीव येते की दोन फ्रेमच्या मध्ये हालचालीचा पुसटपणा उरत नाही, आणि डोळ्याला ती उडी जाणवते.

सेकंदाला ३० फ्रेमने चित्रण करत असाल तर शटर १/६० च्या आसपास हवं. त्यासाठी एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी काळसर काच, लागतो. हिशेब सोपा आहे: १/८००० ला ६४ ने मंद केलं की १/१२५ येतं, १२८ ने केलं की १/६०. म्हणजे भर दुपारी एनडी १२८, सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी एनडी १६ किंवा ३२. ६० फ्रेमला घेत असाल तर दुपारी एनडी ६४ पुरतो. कंपनीच्या संचात १६, ६४ आणि २५६ येतात, १२८ वेगळा बघावा लागेल.

पण फिल्टरने सगळं भागत नाही. वळवण्याचा वेगही कमी करा. सिने मोड (सावकाश उडवायचा) लावा आणि रिमोटची दांडी हळू ढकला. सिनेमॅटोग्राफीत कॅमेरा वळवताना घाई केलेली कुठेच चांगली दिसत नाही.

आणि तुमच्या कामासाठी एक आग्रहाने सांगतो. व्हाइट बॅलन्स (चित्राच्या रंगछटेची सेटिंग) ऑटोवर ठेवू नका. एक आकडा ठरवा, ५६०० केल्विन म्हणा, आणि वर्षभर तोच ठेवा. काळी माती गडद, वरचं आभाळ पांढरंफट, ऑटो दर वेळी वेगळा निर्णय घेतो. मग मेचा काठ पिवळा आणि ऑगस्टचा निळा दिसेल, आणि खरं काय बदललं ते त्या रंगांत हरवेल.

मोजणीदार

तुमचा उद्देश वाचून बरं वाटलं. मी भूमापनाच्या कामात आहे, म्हणून माझा सल्ला थोडा वेगळा: काठ किती सरकला हे दाखवायचं असेल तर व्हिडिओपेक्षा सरळ खाली बघून काढलेला फोटो जास्त कामाचा.

वेपॉइंटमध्ये जागा, उंची, ड्रोनचं तोंड आणि कॅमेऱ्याचा कोन साठवला जातो. तो मार्ग पुढच्या वेळी तसाच चालवता येतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. त्यातली उंची समुद्रसपाटीपासूनची नसते, उड्डाण केलं त्या जागेपासूनची असते. आज विहिरीच्या कठड्यावरून उडवला आणि पुढच्या वेळी खालच्या वाटेवरून, तर सगळी फ्रेम तेवढी खाली येईल. म्हणून उडवायची जागा कायमची ठरवून टाका. विहिरीचा कठडा उत्तम, तो हलत नाही.

जीपीएसमुळे थोडं इकडेतिकडे होणारच. त्यासाठी फ्रेममध्ये न हलणारी खूण हवी. विहीर, विजेचा खांब, पंपघराचा कोपरा, यांतलं काहीतरी प्रत्येक फोटोत आलंच पाहिजे. शिवाय काठापासून आत टेपने मोजून दोन जागी चुन्याच्या मोठ्या फुल्या काढा आणि त्यांच्यामधलं अंतर वहीत लिहून ठेवा. पुढे फोटोवर मोजताना तीच तुमची मोजपट्टी.

बारकावा किती मिळेल ते सांगतो. १०० मीटरवरून सरळ खाली काढलेल्या फोटोत साधारण १४० बाय १०५ मीटरचा तुकडा येतो. १२ मेगापिक्सेलला एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर जवळपास साडेतीन सेंटिमीटर, ४८ ला त्याच्या निम्मा. काठ हातभर सरकला तरी दिसेल. लांब पट्टा घ्यायचा असेल तर फोटो एकमेकांवर भरपूर चढतील असे काढा आणि वेबओडीएममध्ये जोडा, ते मुक्त सॉफ्टवेअर आहे.

प्रत्येक वेळी तारीख, वेळ आणि नदीत पाणी किती होतं याची नोंद करा. पाण्याची पातळी वर असली की काठ आत आल्यासारखा दिसतो, तो खरा काठ नसतो. मोजताना पाण्याची कड धरायची नाही, वरच्या मातीचा कडा धरायचा.

माळावरचा

दादा, तारेचं तेवढं मनावर घ्या. लिंबापाशी थांबला म्हणून ११ केव्हीच्या लाइनपाशी थांबेल असं धरून चालू नका. हे सेन्सर कॅमेऱ्यासारखे बघतात, बारीक तार त्यांना बऱ्याचदा दिसतच नाही. बाभळीच्या पानं झडलेल्या फांद्यांचंही तेच. अंधार पडला की सगळंच आंधळं. आणि स्पोर्ट मोड लावला की अडथळा ओळखणं बंदच होतं, हे कित्येकांना ठाऊक नसतं. त्यामुळे लाइन कुठून कुठे गेलीय ते आधी पायी फिरून बघा, आणि ड्रोन आपोआप परत येताना धरतो ती उंची खांब अन् झाडं दोन्हींच्या बरीच वर ठेवा.

पाण्यावर फार खाली नेऊ नका. खाली बघणारे सेन्सर वाहत्या पाण्यावर गोंधळतात, ड्रोन पाण्याबरोबर सरकू लागतो. पाच-सात मीटर तरी वर असू द्या.

वाऱ्याचं म्हणाल तर कंपनी १०.७ मीटर प्रतिसेकंद सांगते, म्हणजे तासाला ३८ किलोमीटर. जूनमध्ये आपल्या माळावर पश्चिमेचा वारा सुटतो तेव्हा जमिनीवर बरं वाटतं आणि १०० मीटरवर तोच दीडपट असतो. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, येताना वारा पाठीशी. उलटं केलं तर परतीला बॅटरी पुरत नाही.

घारींवर लक्ष ठेवा. घिरट्या घालायला लागली तर सरळ वर चढवा, घार खालून वर तितक्या झपाट्याने येत नाही. आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे किंवा हिवाळ्यात हिप्परगा तलावावर पाहुणे पक्षी उतरलेले असताना तिकडे ड्रोन नकोच. उठून गेलेला थवा परत यायला घाबरतो.

सीनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मोजणीदार साहेब, चुन्याच्या फुल्यांची कल्पना मामांना लगेच सांगितली, ते आजच फकी आणायला निघाले. पाण्याची कड आणि मातीचा कडा हा भेद माझ्या डोक्यातच आला नसता.

उन्हाचं आणि गच्चीचं कुणी सांगेल का?

आकाशवाट

गच्चीचं आधी, कारण ते कायद्याचं आहे. सोलापूरच्या होटगी रोडवरच्या विमानतळाचं उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ ला झालं आणि ९ जून २०२५ पासून गोव्याचं विमान सुरू झालं. ज्या उड्डाणमार्गासाठी १५ जून २०२३ ला सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली, तो मार्ग आता खरोखर वापरात आहे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच पिवळा झोन, तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत हिरवा, म्हणजे परवानगी न लागणारा, त्यापलीकडे ४०० फुटांपर्यंत. जुळे सोलापूर त्या ८ किलोमीटरच्या आतच येतं. म्हणजे परवानगीशिवाय गच्चीवर सराव नाही.

२५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण झोन सगळ्यांना सारखेच. ड्रोनचं ॲप उडू देतंय म्हणून परवानगी आहे असं समजू नका. ॲपचा नकाशा कंपनीचा, आपल्यावर बंधनकारक आहे तो डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा. मामांच्या शेताची जागा त्या नकाशावर टाकून बघा, ४०० फूट म्हणजे साधारण १२० मीटर, त्याच्या आतच राहा. त्या अंगाला एनटीपीसीचा वीजप्रकल्पही आहे, त्याच्या जवळपास नेऊ नका. यात्रा किंवा मोठी सभा असेल तर पोलिसांचे मनाई आदेश निघतात, तेही पाहत चला. कुडलला देवळाच्या आवारावरून उडवायच्या आधी तिथल्या मंडळींना विचारलेलं बरं.

बिल जपून ठेवा. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, त्यामुळे कागद कधीही मागितले जाऊ शकतात. सुट्या भागांना ती बंदी नाही, पंखे मिळतील.

आता ऊन. कंपनीने चालवायची मर्यादा ४० अंश दिली आहे. मेमध्ये दुपारी आपल्याकडे सावलीतच तेवढं असतं. हवेत असताना वाऱ्याने ड्रोन थोडा तरी निवतो, खरा तापतो तो जमिनीवर चालू ठेवल्यावर. म्हणून रिमोट चालू करा, मार्ग उघडा, सगळं तयार झालं की मगच ड्रोनचं बटण दाबा. उतरवल्यावर बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही, हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. गाडीच्या काचेमागे तर मुळीच ठेवू नका. तुमच्या कामाला सकाळची सात-आठची वेळ सगळ्यात चांगली, वारा पडलेला असतो. फक्त सावल्या लांब पडतात, म्हणून दर हंगामात वेळ तीच ठेवा. उन्हात रिमोटचा पडदा नीट दिसत नाही, त्याला टोपी मिळते, ती घ्या.

सीनाकाठ

गच्चीचा विषय संपला, सराव शेतावरच करेन. नकाशावर जागा टाकून पाहतो आणि इथे कळवतो. छायाप्रकाश, एक शंका. फिल्टर लावल्यावर वजन २५० च्या वर जाईल का? आणि तो लावताना कॅमेऱ्याच्या मोटरला त्रास होत नाही ना?

छायाप्रकाश

मूळची काच फिरवून काढायची आणि तिच्या जागी फिल्टर बसवायचा, त्यामुळे वजनात किरकोळच फरक पडतो. तरी सराफाच्या काट्यावर एकदा बॅटरी, कार्ड, फिल्टर सगळ्यासकट ठेवून बघा. ४५ मिनिटांची मोठी बॅटरी लावली तर मात्र २५० नक्की ओलांडतो, आणि मग तो नियमांतल्या नॅनो (२५० ग्रॅमपर्यंतच्या) वर्गात न राहता वरच्या मायक्रो वर्गात जातो. तुमच्या कामाला ३४ मिनिटांची नेहमीची पुष्कळ झाली.

फिल्टर नेहमी ड्रोन बंद असताना बसवा. कॅमेरा दोन बोटांनी अलगद धरून ठेवायचा, जोर मोटरवर येऊ द्यायचा नाही. नंतर सपाट जागी ठेवून चालू करा, म्हणजे सुरुवातीच्या तपासणीत गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा भाग) त्या वजनाशी जुळवून घेतो.