एप्टेशियासाठी कॉपरबँड? आधी माझे तीन मासे मोजा

खारटपाणी: एप्टेशिया म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये खडकावर तणासारखं माजणारं समुद्रफूल. परवा इथे एकाने सल्ला दिला, 'एप्टेशिया झालाय? कॉपरबँड बटरफ्लाय मासा सोडा, आठवड्यात टँक साफ.' खाली बावीस जणांचे अंगठे. मराठीत अंगठा दाखवणे म्हणजे काय, ते ठाऊक असूनही!
मी असे तीन आणले. पहिला अकरा दिवस जगला, दुसरा तीन आठवडे. तिसऱ्याच्या समोरून मायसिस (खाऊ म्हणून घालतात ती कोळंबीसारखी बारीक जात) वाहत जायचा. हा डोळा फिरवून बघायचा आणि चोच पुन्हा खडकाच्या फटीत. डोक्यामागे खड्डा पडला, पोट आत गेलं. महिन्याभरात तोही गेला, एप्टेशिया मात्र दुप्पट. जिवंत मासा म्हणजे फिनेलची बाटली नव्हे.

सम्पवाला: टँक किती लिटर?

खारटपाणी: दोनशे.

सम्पवाला: मग दोष माशाचा कसा? माझा सहाशेत चार वर्षं आहे. घेताना दुकानदाराला म्हटलं, माझ्यासमोर खाऊ घाल. दोन रविवार रिकाम्या हाताने परत आलो, तिसऱ्या रविवारी तो खाताना दिसला. घरी आणून मासळीबाजारातल्या तिसऱ्या अर्धवट उघडून खडकात खोचल्या, चोचीने टिपून टिपून शिंपला कोरा केला. तुम्हाला घाई नडली.

देवगडकर: तिसऱ्या?? माशाला? आमच्याकडे त्या पाहुणे आले की करतात.

सम्पवाला: बायकोही तेच म्हणते. 'त्याला तिसऱ्या आणि आम्हाला वरण-भात?'

डोंबिवली_फास्ट: तुम्ही घालता त्या शिंपल्या असतील. तिसऱ्या वेगळ्या.

देवगडकर: एकच ते! कोणी शिंपल्या म्हणतात.

डोंबिवली_फास्ट: माझी आजी मालवणची. मला शिकवू नका.

देवगडकर: आजी मालवणची, तुम्ही डोंबिवलीचे. सुकं करताना एक शिंपला ठेवता की दोन, तेवढं सांगा, मग ठरवू.

डोंबिवली_फास्ट: एकच. दोन ठेवणारा नुसता ताट भरतो.

देवगडकर: बरं, आजी खरी दिसते.

प्रवाळप्रेमी: सुकं झालं असेल तर मुद्द्यावर या. कॉपरबँड निदान शिंपल्यावर तरी येतो. मेयर्स, ऑर्नेट, शेव्हरॉन हे दुसरे बटरफ्लाय तर प्रवाळाचे पॉलिप, म्हणजे त्यातले इवलेसे जीवच खाणारे. खडक बांधणारे प्रवाळ 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये. म्हणजे या माशाचं जेवण घरात ठेवणंच गुन्हा, आणि मासा दुकानात राजरोस. 2017 मध्ये केंद्राने मत्स्यालयाच्या दुकानांसाठी नियम आणून 158 जातींच्या विक्रीला मज्जाव केला होता, बटरफ्लायही त्यात होते. पुढे नियमच मागे घेतले.

सम्पवाला: आले कायदेपंडित. त्या यादीत क्लाउनफिशही होता, जो टँकमध्ये पैदा होतो. सगळ्यांना एकाच माळेत ओवलं होतं.

प्रवाळप्रेमी: बटरफ्लाय होतो का पैदा? जवळजवळ सगळे समुद्रातून उचललेले. मालवणला पाण्यात तोंड घालून बघा, काही जाती जोडीने फिरतात. त्यातला एक पिशवीत भरून तुमच्या सहाशे लिटरमध्ये!

सम्पवाला: माझा कॉपरबँड आहे. त्याला स्वतःच्या जातीचा दुसरा समोर चालत नाही. माहिती नसेल तर गप्प बसावं.

प्रवाळप्रेमी: माहिती असूनही आणला, हे जास्त वाईट.

नवशिक्या_पुणे: मग एप्टेशियाचं करायचं काय? मी ब्लेडने खरवडले, आता सगळीकडे झालेत.

खारटपाणी: खरवडू नका हो! तळव्याचा तुकडा राहिला तरी नवा उगवतो. चुन्याचा दाट लगदा सिरिंजने थेट तोंडावर सोडा, पंप बंद ठेवून. किंवा पेपरमिंट कोळंबी सोडा, ती एप्टेशिया खाते.

देवगडकर: आता कोळंबी पण!

खारटपाणी: सम्पवाले, दोनशे लिटर कमीच होते, मान्य. खाताना बघून घ्यायला हवा होता, तेही मान्य. तुमच्या चार वर्षांना कोपरापासून नमस्कार. फक्त एक सांगा, त्याने एप्टेशिया किती खाल्ले?

सम्पवाला: एकही नाही. तिसऱ्यांची चटक लागली.

डोंबिवली_फास्ट: शिंपल्यांची.