मदत हवी आहे: नाशिकहून अहमदाबाद, चार दिवस, सोबत आई-बाबा

नमस्कार मंडळी. १८६१ साली पहिली कापड गिरणी सुरू झालेलं अहमदाबाद आणि आसपासचा भाग डिसेंबरमध्ये बघायचा आहे. दोन गोष्टींवर अडलंय.

१) जायचं कसं? सापुतारामार्गे गाडीने सलग जाणं बाबांना झेपणार नाही. पेठ-कपराडामार्गे वापीपर्यंत गाडी आणि पुढे वंदे भारत, असा विचार आहे. कपराड्याचा घाट तीव्र उताराचा, म्हणून तो उजेडातच उतरायचा. वापी स्टेशनजवळ चार दिवस गाडी सुरक्षित कुठे लावता येईल?

२) मोढेरा आणि पाटण एकाच दिवसात जमेल ना? सूर्यमंदिर पूर्वाभिमुख, त्यामुळे सकाळचं ऊन गाठायला आधी मोढेरा, तिथून साधारण ३५ किलोमीटरवर पाटणची राणी की वाव (वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर), परतताना अडालजची वाव. पण दोन्ही वावांना पायऱ्याच पायऱ्या! गुडघेदुखीवाल्यांना वरूनही नीट दिसतं का, की अडालज वगळू?

अहमदाबादच्या कॅलिको म्युझियमला (कापडांचं संग्रहालय) आगाऊ नोंदणी लागते, बुधवारी बंद, हे ठाऊक आहे; म्हणून बुधवार मोढेऱ्यासाठी ठेवलाय. पोळांमधून (जुन्या शहरातल्या गल्ल्यांच्या वस्त्या) पायी फिरणं सकाळीच बरं, नंतर दुचाक्यांमुळे धड चालता येत नाही.

कालुपूरजवळ (अहमदाबाद स्टेशनचा भाग) लिफ्ट असलेलं साधं हॉटेल कुणी सुचवेल का?