मदत हवी आहे: लोकशाही सरकारांचे झुकते माप श्रीमंतांकडे की गरिबांकडे, हे मोजायचे कसे?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आमच्या अभ्यासमंडळात मला या विषयावर टिपण वाचायचे आहे. विषय मीच हौसेने मागून घेतला, आणि आता जितके वाचावे तितका गुंता वाढत चालला आहे. राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्र शिकलेल्या जाणकारांनी माझे कुठे चुकते आहे ते दाखवावे, अशी विनंती आहे.

सुरुवात अ‍ॅरिस्टॉटलपासून केली. लोकशाही म्हणजे गरिबांचे राज्य, अल्पजनशाही म्हणजे श्रीमंतांचे राज्य, आणि संख्येचा भाग केवळ आनुषंगिक, असे तो मांडतो. याच विचाराला मेल्टझर आणि रिचर्ड या अर्थतज्ज्ञांनी १९८१ साली गणिती रूप दिले. ते मला उदाहरण घेऊनच उमगले. समजा, पाच मतदारांचे उत्पन्न १०, १५, २०, ३० आणि १२५ आहे. सरासरी ४० येते, पण मधल्या मतदाराचे उत्पन्न २० आहे. सर्वांवर २५ टक्के कर लावला आणि जमलेले ५० सारखे वाटले, तर प्रत्येकाला १० मिळतात. मधला मतदार ५ भरतो आणि १० घेतो. ३० मिळवणाराही फायद्यातच राहतो. म्हणजे पाचांपैकी चौघांचे मत कराच्या बाजूने पडायला हवे. कर फार वाढवला तर लोक कमी कमावू लागतात, म्हणून मधला मतदार एका मर्यादेवर थांबतो, एवढी सोय या मांडणीत आहे. तरीही या हिशेबाने लोकशाहीत श्रीमंतांची धडगत नसावी, आणि प्रत्यक्षात त्यांचे उत्तम चाललेले दिसते.

गिलेन्स आणि पेज या राज्यशास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील १९८१ ते २००२ या काळातल्या १,७७९ धोरणप्रश्नांवरची जनमते तपासली. श्रीमंतांची आणि संघटित हितगटांची इच्छा लक्षात घेतल्यावर सामान्य नागरिकाच्या इच्छेचा स्वतंत्र प्रभाव जवळजवळ उरत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तो वाचून माझे टिपण संपले असे मला वाटले होते. मग त्याच सामग्रीवर ब्रॅनहॅम, सोरोका आणि व्लेझियन यांनी २०१७ साली केलेले काम हाती लागले. त्यांच्या मते सुमारे ९० टक्के प्रश्नांवर मध्यमवर्ग आणि श्रीमंत यांचे बहुमत एकाच बाजूला असते, आणि जिथे मतभेद होतो तिथे श्रीमंतांच्या मनासारखे सुमारे ५३ टक्के वेळाच होते. एकाच सामग्रीतून इतके वेगळे सूर निघत असतील, तर माझ्यासारख्या हौशी माणसाने कोणावर विसंबावे?

मला सर्वाधिक पटलेला पुरावा मात्र ब्राझीलचा आहे. तिथे पूर्वी कोऱ्या रकान्यात उमेदवाराचे नाव किंवा क्रमांक मतदाराला स्वतःच्या हाताने लिहावा लागे. ज्याचे लिहिणे-वाचणे कच्चे, त्याची मतपत्रिका अनेकदा बाद होई. मताधिकार कायद्याने होता, पण पेटीत पडल्यावर तो मोजला जात नसे. १९९८ च्या निवडणुकीत ४०,५०० हून अधिक मतदार असलेल्या नगरपालिकांत मतदानयंत्रे आली. लहान ठिकाणी कागदच राहिला. यंत्रावर क्रमांक दाबला की उमेदवाराचे छायाचित्र दिसे. अर्थतज्ज्ञ फुजिवारा यांनी २०१५ साली दाखवून दिले की त्यामुळे बाद मते मोठ्या प्रमाणात घटली, गरिबांची मते मोजली जाऊ लागल्याने आरोग्यावरचा सरकारी खर्च वाढला आणि कमी शिकलेल्या मातांची कमी वजनाची बाळे घटली. एका छायाचित्राने एवढे घडावे, याचे मला अजूनही नवल वाटते.

याच्या उलट, करसवलतींची पोटकलमे कुठल्याही मतपत्रिकेवर नसतात. तिथे संघटित आणि थोड्या लोकांचा जोर चालतो, असे मला वाटते. शिवाय अर्थतज्ज्ञ स्टिग्लर यांनी १९७० साली मांडलेला ‘डायरेक्टरचा नियम’ (डायरेक्टर हे एका अर्थतज्ज्ञाचे आडनाव) आहेच, ज्यानुसार सरकारी खर्चाचा मुख्य लाभ मध्यमवर्गाला होतो आणि भार दोन्ही टोकांवर पडतो. उच्च शिक्षणावरच्या अनुदानाचा विचार केला की तो अगदीच टाकाऊ वाटत नाही.

आता माझी खरी अडचण सांगतो. गिलेन्स आणि पेज प्रत्यक्ष सरकारची तुलना, प्रत्येकाच्या इच्छेला सारखे वजन असलेल्या आदर्शाशी करतात. फुजिवारा यंत्र आल्यानंतरच्या स्थितीची तुलना त्याच देशातल्या कागदी मतदानाच्या स्थितीशी करतात. त्यामुळे पहिल्याला सरकार श्रीमंतांकडे कललेले दिसते, दुसऱ्याला गरिबांकडे सरकलेले दिसते, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. अर्थतज्ज्ञ असेमोग्लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लोकशाही आल्यावर राष्ट्रीय उत्पन्नातील कराचा वाटा वाढलेला आढळला, पण विषमता निश्चितपणे घटल्याचे आढळले नाही. हे कोणत्या रकान्यात बसवावे, तेच मला कळत नाही.

म्हणून दोन गोष्टी विचारायच्या आहेत. इच्छा किती मानली गेली, पैसा कोणाकडे गेला आणि जगण्यात काय बदलले, या तीन मापांपैकी टिपणाचा कणा कोणते करावे? माझा कल तिसऱ्याकडे आहे, पण बाळाचे वजन सरकारच्या धोरणाखेरीज इतर अनेक कारणांनीही बदलते, हा आक्षेप मला खोडता येत नाही. दुसरे, मताधिकार विस्तारल्याने किंवा मतदान सोपे झाल्याने गरिबांवरचा खर्च वाढला नाही, असे एखादे नीट तपासलेले उदाहरण कोणाला ठाऊक आहे का? माझ्या बाजूचीच उदाहरणे मला सापडत आहेत आणि त्यामुळेच मी थोडा साशंक आहे.