हिवाळ्यात एकट्यानं अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरचा माउंट वॉशिंग्टन : उगाच पोरांना भरीस घालू नका

गडवेडा : "डिसेंबरात एकटाच माउंट वॉशिंग्टन एका दिवसात करून आलो. उंची जेमतेम १,९१७ मीटर. सह्याद्रीत वाढलेल्यानं घाबरण्यासारखं काही नाही." हे काल इथंच कुणीतरी लिहिलंय. बोस्टनला नवीन आलेली पोरं असलं वाचून निघतात, म्हणून गप्प बसवत नाही. अहो, उंचीवर काय जाता? १२ एप्रिल १९३४ ला त्या माथ्यावर ताशी ३७२ किलोमीटरचा वारा मोजलाय! झाडी संपली की आडोसा नाही. लायन हेडच्या हिवाळी वाटेला क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे खिळे) आणि आइस अ‍ॅक्स (बर्फाची कुऱ्हाड) लागते, हे तुमच्या पोस्टमध्ये कुठंय?

रानवारा : पोस्ट माझीच. दोन्ही होतं माझ्याकडे. वेधशाळेचा शिखरांचा अंदाज वाचूनच पायथ्याचं पिंकहॅम नॉच सोडलं. चारला अंधारतं, म्हणून दुपारी एकला असेन तिथून माघारी, हे पक्कं होतं. एकटा माणूस वेळेवर वळतो. ग्रुपमध्ये एकमेकांच्या भिडेपोटी सगळे पुढे रेटतात, हे मी राजगडापासून बघत आलोय.

सावळी : झाडीच्या वर मी ओला हातमोजा बदलायला काढला. दुसरा चढवेपर्यंत बोटं बधिर. जॅकेटची चेन चिमटीत येईना, शेवटी मैत्रिणीनं ओढून लावली. वेळेवर वळण्याचं सांगताय, चेन कोण लावणार होतं?

ठाणेकर : आणि अडकलात तर भुर्दंड कुणाला? न्यू हॅम्पशायरमध्ये निष्काळजीपणा ठरला तर शोधाचा खर्च वसूल करतात. उत्तम कायदा. आपल्याकडेही हवा.

रानवारा : त्यासाठीच २५ डॉलरचं, शोधाच्या खर्चातून सूट देणारं हाइक सेफ कार्ड काढलंय.

ठाणेकर : ते निष्काळजीपणापुरतं. बेदरकारपणा ठरला तर कार्ड असूनही पैसे भरावे लागतात. नीट वाचा.

कातळकडा : आपल्याकडे हा कायदा अजिबात नको! बिलाच्या धास्तीनं पोरं फोनच उशिरा करतील. अंधार पडल्यावर शोधायला जाणाऱ्यांचे हाल तुम्हाला काय ठाऊक? लोणावळ्याच्या शिवदुर्ग बचाव पथकाची माणसं पैसे न घेता दरीत उतरतात.

ठाणेकर : फुकट आहे म्हणूनच कुणीही उठतो आणि भर पावसात कड्यावर जातो. त्या माणसांना घरदार नाही?

कातळकडा : तू कधी स्ट्रेचर उचललंयस? मी उचललंय. निसरड्या उतारावर आठजण असूनही पाय ठरत नव्हता. वर लटकलेल्या पोराकडे बिल भरायला पैसे आहेत का, हा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात येत नाही.

ठाणेकर : अरेतुरे नको. उचललं असेल, मान्य. पण दोर, दिवे, गाडीचं डिझेल कुणाच्या खिशातून जातं ते सांगा.

गडवेडा : मंडळी, विषय बर्फाचा होता.

रानवारा : "घाबरण्यासारखं काही नाही" हे काढतो, क्रॅम्पॉनचं टाकतो. सावळीताईंच्या चेनवर माझ्याकडे उत्तर नाही. तरी एकटं जाणं सोडणार नाही.

कातळकडा : डिझेल आम्ही वर्गणी काढून भरतो, ठाणेकर. तुमची अजून आलेली नाही.