पौर्णिमेच्या सुट्टीत मालवण सागरी अभयारण्य: दिवस कसे आखावेत?

प्रश्न (धागाकर्ता: पाऊलवाट)

डिसेंबरात शनिवार-रविवारला जोडून पौर्णिमा येते आहे, तेव्हा तीन दिवस मालवणला जायचं ठरतंय. सोबत गुडघेदुखी असलेली आई आणि नऊ वर्षांची मुलगी. सिंधुदुर्ग किल्ला, स्कूबा, प्रवाळ आणि जमलं तर कासवं पाहायची आहेत. अभयारण्याचं तिकीट कुठे काढायचं? राहायला मालवण बरं की देवबाग? परतताना आंबोलीमार्गे कोल्हापूरला जायचा विचार आहे.

प्रतिसाद १ (खारा वारा)

तिकीट खिडकी शोधू नका, कारण या अभयारण्याला फाटकच नाही. १९८७ साली ते जाहीर झालं. एकूण क्षेत्र २९.१२ चौ. किमी, त्यातला ३.१८ चौ. किमीचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचा. म्हणजे किल्ल्याच्या होडीत बसलात की तुम्ही अभयारण्यात आलात.

आता तारखा. कोकणातला जुना हिशोब असा: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहा वाजता. पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. भरती रोज साधारण ४८ मिनिटं पुढे सरकते.

पौर्णिमेला उधाण असतं. पाणी जोरात आत-बाहेर करतं, तळाची वाळू-गाळ उठतो आणि पाण्याखाली धुरकट दिसतं. स्कूबासाठी षष्ठी ते दशमी हे भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीत कमी फरक असणारे दिवस चांगले: ओढ कमी, पाणी स्वच्छ. त्यातही सकाळी लवकर, कारण दुपारी समुद्रावरचा वारा वाढला की लाटा उठतात. स्कूबा हेच मुख्य आकर्षण असेल तर आठवडाभर पुढे ढकला.

प्रतिसाद २ (तांबडी माती)

हिशोब बरोबर, पण त्यावर घड्याळ लावू नका. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. निघण्याआधी मालवणचं भरती-ओहोटीचं कोष्टक पाहाच.

मला मात्र पौर्णिमा सोडावीशी वाटत नाही, कारण मुलगी नऊ वर्षांची आहे. स्कूबासाठी सहसा किमान वय दहा धरतात, त्यामुळे तिला तसंही खाली नेऊ नये. तिच्यासाठी खरा खजिना मालवणच्या किनाऱ्यावरच्या रॉक गार्डनच्या खडकांत आहे आणि तो उधाणाच्या ओहोटीतच उघडा पडतो. पौर्णिमेला ती ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास येते. साडेचारला पोचा, पाणी मागे सरत असताना फिरा, पाणी वळलं की किनाऱ्याकडे या. खडकातल्या डबक्यात दोन मिनिटं सावली न पाडता बसा. आधी नुसता दगड दिसतो, मग एक शंख चालू लागतो. तो शंखातला खेकडा असतो. फुलासारखं पसरलेलं समुद्रफूल बोट लागताच मिटतं, म्हणून बोट लावायचं नाही. पायात रबरी तळव्याचे बंद बूट हवेत. शेवाळावर चप्पल घसरते आणि फटीत काटेरी समुद्री साळू असतात.

आईंसाठीही पौर्णिमा सोयीची. भरती अकराच्या पुढेमागे असल्याने सकाळी साडेनऊ-दहाच्या होडीने किल्ल्यावर जा आणि साडेबाराच्या आत परत या. ओहोटीला होडी खाली जाते, पायरी वर राहते, आणि गुडघ्याला तीच उंची नडते. आत शिवराजेश्वर मंदिर आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी पाहा. तटावर चढायचा आग्रह नको.

प्रतिसाद ३ (निळाई)

स्कूबाबद्दल थोडं. पोहता न येणाऱ्यांना प्रशिक्षक धरून नेतो, पाण्याखाली साधारण १५-२० मिनिटं मिळतात. सर्दी झाली असेल तर उतरूच नका: नाक-कानामधली नळी बंद असते, दाब सारखा होत नाही आणि पडदा दुखावतो. दर अर्ध्या-एक मीटरला नाक दाबून हळू फुंकायचं, दुखायच्या आधीच. दमा, हृदयविकार, फिट्स असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

आंबोली साधारण ६९० मीटर उंचीवर आहे. डुबकी मारून त्याच संध्याकाळी घाट चढू नका. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. एका डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर १८ तास थांबा; विमानालाही हाच नियम. म्हणून स्कूबा पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी.

मासे फोटोत यावेत म्हणून पाव टाकतात, तो टाकू देऊ नका. बुकिंग करतानाच सांगा. पावाला सोकावलेले मासे एकाच जागी गर्दी करतात आणि खडकावरचं शेवाळ खायचं सोडतात. प्रवाळावर उभं राहणं तर अजिबात नको. त्याच्या अंगावरचा चिकट थर पुसला गेला की तिथे शेवाळ बसतं, आणि तो भाग मरतो. नांगर थेट खडकावर टाकणारी होडीही टाळा. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, तुकडा उचलून आणणं हा गुन्हा आहे.

प्रतिसाद ४ (रापणकर)

राहायचं तर देवबाग-तारकर्लीच्या न्याहारी निवासात राहा. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. किनारा खचतो आहे, त्यामुळे धूपप्रतिबंधक दगडांवर चढू नका. जेवण आदल्या रात्री सांगून ठेवा. सोमवारी, संकष्टीला बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत.

सकाळी किनाऱ्यावर रापण दिसेल. होडी जाळं अर्धगोल सोडत जाते, मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. ताणलेला दोर ओलांडू नका. मागून फेरा घ्या. ओढायला हात लावायचा असेल तर आधी विचारा. जाळ्यात पेडवे-बांगड्यांसोबत पाकट हा चपटा मासाही येतो, त्याच्या शेपटीला काटा असतो. मुलीला लांब ठेवा. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास पाय बुडवा आणि दवाखान्यात जा.

एक लक्षात घ्या: अभयारण्य जाहीर झालं तेव्हा मासेमारी बंद होईल या भीतीने इथल्या गाबीत मच्छीमारांनी विरोध केला होता. त्यामुळे लोकांशी बोलताना ‘तुम्ही इथे मासे का मारता’ असं विचारू नका. या पाण्यावर त्यांचं घर चालतं.

कासवांचं डिसेंबरात जमणं कठीण. ऑलिव्ह रिडलेची अंडी घालायची सुरुवात त्याच सुमारास होते आणि पिल्लं बाहेर यायला पन्नासेक दिवस लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेंगुर्ल्याजवळ वायंगणी किंवा देवगडजवळ तांबळडेगला या. वनखात्याकडे आधी चौकशी करा. रात्री पांढरा टॉर्च आणि फ्लॅश नको, पिल्लं समुद्राऐवजी उजेडाकडे जातात.

धागाकर्ता

तारखा पौर्णिमेच्याच ठेवतो. पहिल्या दिवशी संध्याकाळी रॉक गार्डन, दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीला किल्ला, तिसऱ्या दिवशी रापण आणि मग आंबोली. स्कूबा या वेळी नाही. फेब्रुवारीत अष्टमी धरून मी एकटा येईन, तेव्हा वायंगणीही करेन.

रापणकर

तिसऱ्या दिवशी लवकर उठा. रापण किती वाजता लागेल ते आदल्या संध्याकाळी घरमालकाला विचारून ठेवा.