आवाजाला श्रेणी, किमतीला तारे: इयरफोनच्या परीक्षणात दोन्ही वेगळं हवं का?

काळी_दोन
भाच्याला इयरफोन घ्यायचे म्हणून क्रिनाकल या सिंगापूरच्या परीक्षकाची यादी पुन्हा चाळली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: तो टोनला (जाड-बारीक आवाजांचा समतोल) एक श्रेणी देतो, टेक्निकॅलिटीला (वाद्यं किती सुटी ऐकू येतात, बारकावे किती टिपले जातात) दुसरी, आणि किमतीच्या मानाने कसं याचे तारे वेगळे. आवाजाची श्रेणी लावताना किंमत बघायचीच नाही.

मला हेच पटतं. आपल्याकडच्या व्हिडिओंत ५०० च्या वस्तूलाही पाचपैकी साडेचार आणि २०,००० च्या वस्तूलाही साडेचार. 'या किमतीत जबरदस्त!' आवाज कसा आहे ते सांग ना बाबा, माझ्या खिशाचं मी बघतो.

डग्गा७७
श्रेणी ठीक, पण कान कुणाचा? टोन चांगला म्हणजे कुठला सूर किती मोठा वाजावा याची परीक्षकाने आधीच ठरवलेली जी आलेखातली रेषा, तिच्या जवळ. हार्मन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह या संशोधकाने आणि मंडळींनी श्रोत्यांना बसवून, त्यांची पसंती विचारून एक रेषा काढली. क्रिनाकलची स्वतःची आणखी वेगळी.

मी तबला वाजवतो. डग्ग्यावर मनगट दाबत घिस्सा काढला की सूर खालून वर चढत जातो. बेस फुगवलेल्या इयरफोनवर तो चढ कळतच नाही, नुसता घुमारा. वर चाटेवरचा (तबल्याच्या कडेवरचा) 'ना' टाचणीसारखा टोचतो. पॉप ऐकणारा याच आवाजाला 'पंची' म्हणून वरची श्रेणी देईल.

काळी_दोन
देऊ दे की. त्याची आवड वर्षानुवर्षं तीच राहिली तर मला हिशेब लावता येतो. त्याला गोड ते मला अगोड, एवढं कळलं तरी यादी उपयोगी. किंमत मिसळली की तोही हिशेब जातो.

मिक्सर_आणि_मी
लग्नाच्या हॉलपासून नाट्यगृहापर्यंत साउंड करतो, म्हणून थोडं. इयरफोन मोजून काढलेल्या आलेखालाही देव मानू नका. बहुतेक परीक्षक ज्या कृत्रिम कानावर मोजतात, तो ७११ कपलर, त्याचा स्वतःचाच एक उंचवटा साधारण ८ किलोहर्ट्झला येतो. इयरफोन किती आत खुपसला त्यावर तो पुढेमागे सरकतो. त्याच्या वरचं फार मनावर घेऊ नये.

आणि रबरी टिप नीट बसली नाही की बेस गळतो. निम्मे लोक 'बेसच नाही' म्हणून एक तारा देतात ना, त्यांना आधी मोठी टिप लावून बघा म्हणावं. तुलना करताना आवाज सारखा लावणंही आलंच. जरासा मोठा वाजणारा इयरफोन कायम 'जास्त क्लिअर' वाटतो. हे किती परीक्षक करतात, देव जाणे.

रत्नांग्रीकर
अहो, श्रेण्यांचं सोडा, मला ते तारेच खटकतात. मूनड्रॉप कंपनीचा चू हा इयरफोन २०२२ मध्ये २० डॉलरला आला, सगळ्यांनी डोक्यावर घेतला. आवाज होताच तसा. पण त्याची वायर निघत नाही. पिनपाशी तुटली की अख्खी वस्तू कचऱ्यात. तारे देताना हे धरलं का? पुढे चू २ ला सुटी वायर आली, म्हणजे कंपनीलाही ते कळलं असणार.

माझा एक संच (नाव घेत नाही) चार महिन्यांत डावीकडून मुका झाला. परदेशातून मागवलेला, बदलून आणायचा टपालखर्चच वस्तूएवढा. सिंगापूरला बसून दिलेला तारा इथे चालत नाही. ते गणित ज्याने त्यानेच करावं.

शिवाय हा क्रिनाकल स्वतः कंपन्यांबरोबर इयरफोन ट्यून करतो. २०२१ मध्ये मूनड्रॉपबरोबर डस्क, २०२२ मध्ये ट्रूथियरबरोबर झीरो. पेपर तपासणारे गुरुजी आणि त्याच वर्गात त्यांचा मुलगा!

काळी_दोन
मुलगा आहे हे गुरुजींनी लपवलं नाही, खोक्यावर नाव छापलंय. आलेखही उघडे असतात, दुसऱ्याने मोजून खोडावेत. चोरून पैसे घेऊन गोड बोलणाऱ्यांपेक्षा हे बरं.

ताऱ्यांचं मात्र मान्य. वायर आणि बदलून मिळणं हे मी धरलंच नव्हतं.

डग्गा७७
उघडा आलेख घिस्सा कसा वाजतो ते सांगत नाही हो.

मिक्सर_आणि_मी
सांगतो थोडं. १०० ते ३०० हर्ट्झमध्ये फुगवटा दिसला तर तुमचा डग्गा चिखलात गेलाच समजा. पण तेवढ्यासाठी श्रेणी नको, तो तुकडा बघा.

काळी_दोन
भाच्याचं राहिलंच. माझा झीरो घालून बघितला आणि दोन मिनिटांत काढला. कानात जाणारी नळी जाड आहे, कान दुखतो म्हणे. यादीत त्याला कुठली श्रेणी आहे हे सांगायला मी तोंड उघडलं, तर पोरगा क्रिकेटला पळाला होता.